संक्रम आणि सेतु : पारोळ्याच्या कोटाचा काढता पूल

(१)

शाळेत संस्कृत शिकवीत असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारलेला एक प्रश्न सेवानिवृत्तीनंतरही आमच्या मनातून गेलेला नाही. युद्धकांडाच्या तिसऱ्या सर्गात हनुमंत रामाला लंकेच्या तटबंदीचे वर्णन सांगतो, तो भाग चालला होता. लंकेला चार मोठी द्वारे, द्वारांपुढे अगाध परिखा आणि त्या परिखांवर चार लांबरुंद संक्रम, असा अर्थ आम्ही सांगितला. त्यावर मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, लंकेला चार पूल होतेच, तर मग रामाला सेतु बांधण्याचे काय कारण पडले?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. सेतु आणि संक्रम या दोहोंस मराठीत आपण एकच शब्द वापरतो, तो पूल. आणि त्या एका शब्दाने दोन अगदी विरुद्ध वस्तूंमधील भेद पुसून टाकला आहे.

त्या मुलाला आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर असे होते : सेतु बाहेरच्याने बांधावयाचा असतो आणि संक्रम आतल्याने. सेतु एकदा बांधला की तो सर्वांचा होतो. संक्रमाची दोरी मात्र आतल्याच्या हाती राहते. हे उत्तर पुढे खानदेशातील भुईकोट पाहात हिंडताना आम्हांस अधिकाधिक खरे वाटू लागले. त्यांतही पारोळ्याच्या कोटाने ते सर्वांत स्पष्ट करून दाखविले. प्रस्तुत लेखात त्या कोटाच्या काढत्या पुलासंबंधी थोडा विचार करावयाचा आहे. हा पूल आज जागेवर नाही; तथापि तो कसा असे, कसा चाले आणि कसा नाहीसा झाला, हे समजून घेतल्यावाचून कोटाची रचना समजत नाही. तसेच अशा पुलांचा पुरावा आपण इतिहासप्रेमी माणसेच आपल्या हातांनी कसा घालवीत आहो, हेही या निमित्ताने सांगावयाचे आहे.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करू. अमरसिंहाने संक्रम या शब्दास दुर्गसंचर असा पर्याय दिला आहे. दुर्गात ज्याने संचार करावयाचा तो दुर्गसंचर. नदीवरील पूल, बंधारा किंवा शेताचा बांध यांस सेतु हा शब्द लागतो; परंतु दुर्गाच्या संचारवाटेस अमराने निराळा शब्द नोंदविला, यावरून त्या काळी या वस्तूचे वेगळेपण लोकांच्या ध्यानात पुरते होते असे दिसते.

कौटिल्य तर याहून पुढे जातो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील तिसऱ्या अध्यायात दुर्गविधान आले आहे. त्यात दुर्गाभोवती तीन परिखा खणाव्या, त्या अनुक्रमे १४, १२ आणि १० दंड रुंद असाव्या, असे मान दिले आहे. दंड सहा फुटांचा धरल्यास ही रुंदी ८४, ७२ आणि ६० फूट होते. खोली रुंदीच्या पाऊणपट किंवा निम्मी असावी असे तो सांगतो. आणि द्वारासंबंधी बोलताना तो म्हणतो की, संक्रम द्वाराच्या मुखाइतका रुंद असावा आणि तो संहार्य असावा. जेथे परिखेत पाणी नाही तेथे मातीचा केला तरी चालेल. संहार्य म्हणजे काढून घेता येण्याजोगा. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथात काढत्या पुलाचे विधान इतक्या मोजक्या शब्दांत यावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचबरोबर मातीच्या पुलाची जी दुसरी सवलत दिली आहे, तीही वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे. तंजावराकडील एका पंडिताने म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहालयास एक हस्तलिखित दिले आणि शामशास्त्र्यांनी १९०९ साली ते छापून काढले, म्हणून हा शब्द आज आपल्यापुढे आहे. एका घरातील एका पोथीने केवढे काम केले, याचे हे उदाहरण हस्तलिखितांच्या संग्राहकांस नव्याने सांगावयास नको.

आता लंकेकडे वळू. हनुमंताच्या वर्णनात परिखा थंड पाण्याने भरलेल्या, मत्स्य आणि ग्राह यांनी युक्त अशा आहेत. संक्रमांवर मोठमोठी यंत्रे बसविली आहेत. शत्रुसैन्य आले म्हणजे त्या यंत्रांनी ते चोहोबाजूंस परिखेत लोटले जाते. त्यांतील एक संक्रम न हलणारा, अत्यंत बळकट, सोन्याच्या खांबांनी व वेदिकांनी शोभणारा आहे असेही तो सांगतो. एकच अकंप्य म्हणून निराळा सांगितला, यावरून उरलेले हलणारे असावेत असे अनुमान करण्यास हरकत नाही. आणि मग हनुमंत शेवटी सांगतो की, हे संक्रम मी मोडले आणि परिखा बुजविल्या. म्हणजे लंकेचे पूल मोडले ते आत शिरलेल्याने. समुद्रापलीकडे तळ देऊन बसलेल्या सैन्याला तेथपर्यंत हात पोहोचविता आला नव्हता. सेतु हा त्या सैन्याचा उद्योग, संक्रम हा रावणाचा.

खंदक हा आपला नेहमीचा शब्द फारसीतील खणणे या अर्थाच्या धातूपासून अरबीत गेलेला आणि मुसलमानी अमदानीत आपल्याकडे आलेला आहे. पूल हाही फारसीच. नवे शब्द आले तेव्हा परिखेची जागा खंदकाने जशीच्या तशी घेतली. परंतु संक्रमास तसा एक निश्चित शब्द मिळाला नाही. कोणी काढता पूल म्हणतो, कोणी उचलता, कोणी झुलता. वस्तूचे नाव ढिले पडले की तिची आठवणही ढिली पडते.

(३)

पारोळे हे गाव धुळ्याच्या पूर्वेस सुमारे २२ मैलांवर, धुळे-जळगाव रस्त्यावर आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा ते पूर्व खानदेशात आले. आज ते जळगाव जिल्ह्यात मोडते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरात म्हटले आहे की, हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी अवघ्या पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदी गाव केले आणि १७२७ साली, म्हणजे शके १६४९ च्या सुमारास, तेथे प्रशस्त कोट बांधला. कोटाची लांबी सुमारे ५२५ फूट आणि रुंदी सुमारे ४३५ फूट आहे. मैदानी मुलखातील एतद्देशीय बांधकामाचा उत्तम नमुना म्हणून गॅझेटियरकार त्याची वाखाणणी करतो. कोटाभोवती खंदक असून प्रवेशद्वाराचे रक्षण काढता पूल आणि दोहो बाजूंचे मोठे बुरूज यांनी होत असे, हेही तेथेच नमूद आहे.

१७२७ या सालाकडे लक्ष दिले असता खंदकाचे कारण उघड होते. मराठ्यांना १७१९ साली दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या सनदा मिळाल्या होत्या. खानदेश हा त्यांपैकी एक सुभा. परंतु निजामाने त्या हक्काला अडथळा केला आणि १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेड येथे बाजीरावाने त्यास कोंडीत धरीपर्यंत हा मुलूख दोघांच्या ओढाताणीत होता. खानदेशाचा बराचसा भाग पेशव्यांकडे पक्का आला तो १७५२ च्या भालकीच्या तहाने. अशा काळात सपाट प्रदेशात वस्ती वसविणाऱ्या माणसास डोंगराचा आश्रय नाही, नदीचा वेढा नाही. लळिंगच्या किल्ल्यास उंची आहे; थाळनेरच्या कोटाच्या पायाशी तापी आहे. पारोळ्यास यांपैकी काहीच नाही. तेव्हा जे निसर्गाने दिले नाही ते कुदळीने निर्माण करणे भाग पडले. चोहोबाजूंनी खंदक खणून पाणी आणले की सपाट भूमीवर एक बेट तयार होते. आणि बेट झाले की ते भूमीस जोडावयाचे कसे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे काढता पूल.

याच्या अकरा-बारा वर्षे आधी, १७१५-१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे लिहिली गेली. त्यांच्या दुर्गप्रकरणात दरवाजा बाहेरून सरळ माऱ्यात येऊ नये, तो पुढे बुरूज देऊन झाकावा, असा उपदेश आहे. पारोळ्याच्या प्रवेशद्वाराशी बुरुजांची जी योजना आहे ती याच विचारसरणीतील होय. खंदकाने शत्रूस अडवावयाचे, पुलाने त्यास एका अरुंद जागी आणावयाचे आणि बुरुजांनी त्या जागेवर दोन्हीकडून मारा करावयाचा, अशी ही तिहेरी व्यवस्था आहे. यातील एक अंग काढून घेतले तर उरलेली दोन पंगू होतात. म्हणून पूल नाहीसा झालेला कोट पाहणाऱ्यास त्याच्या रचनेचा केवळ दोन-तृतीयांश भाग दिसत असतो.

(४)

असा पूल चाले कसा, ते आता पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की संपूर्ण खंदकावरचा पूल एकदम उचलला जाई. हे शक्य नाही. उचललेला पूल उभा राहतो तो दरवाजाच्या दर्शनी भिंतीला टेकून. म्हणून त्याची लांबी त्या भिंतीच्या उंचीहून अधिक असून चालत नाही. साठ-सत्तर फुटांच्या खंदकावर इतक्या लांबीची फळी उचलण्यास तितक्याच उंचीचे द्वार पाहिजे. यास्तव रीत अशी की, बाहेरच्या काठापासून दगडी भराव किंवा कमानी घालीत खंदकाचा बराचसा भाग ओलांडावयाचा आणि दरवाजाच्या उंबऱ्यापुढे दहा-बारा फुटांचे अंतर उघडे ठेवावयाचे. काढता पूल पडतो तो एवढ्याच अंतरावर.

या अंतरावर टाकावयाच्या फळीचे दोन प्रकार असत. पहिला अगदी साधा : दोन्ही टोकांस दगडी आधार, त्यांवर सागवानी तुळया आणि तुळयांवर फळ्या. प्रसंग पडला की फळ्या आणि तुळया आत ओढून घ्यावयाच्या. दुसरा प्रकार यांत्रिक : पुलाचे आतले टोक उंबऱ्याशी एका जाड आसावर बसविलेले असते, बाहेरच्या टोकास साखळ्या किंवा दोर बांधून ते दरवाजाच्या वरच्या भागातील छिद्रांतून, चाकांवरून, आत नेलेले असतात, आत रहाट असतो. रहाट फिरविला की बाहेरचे टोक उचलते आणि पूल उभा राहून दरवाजापुढे आणखी एक दरवाजा होतो. एकाच वस्तूने वाट नाहीशी होते आणि भिंत जाड होते, ही या युक्तीतील खुबी होय.

यास किती बळ लागत असेल, याचा अजमास साध्या गणिताने करता येतो. उदाहरणादाखल बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि तीन इंच जाड असा सागवानी पूल घेऊ. लाकूड २४ घनफूट झाले. खालच्या तुळया आणि लोखंडी पट्ट्या मिळून याच्या दीडपट धरल्यास वजन सुमारे साडेसहाशे किलो, म्हणजे जुन्या पक्क्या मणाने सतरा-अठरा मण भरते. आतले टोक आसावर टेकलेले असल्यामुळे निम्मे वजन आस सोसतो. परंतु दोर सरळ वर ओढला जात नाही, तिरपा ओढला जातो. म्हणून आरंभी निम्म्याहून अधिक, सुमारे साडेबारा मणांचा ताण पडतो. पूल जसजसा वर येतो तसतसा हा ताण कमी होत जातो. रहाटाचे दांडे त्याच्या लाटेच्या त्रिज्येपेक्षा आठपट लांब असल्यास हे काम दीड-पावणेदोन मणांच्या जोरावर भागते. घर्षणासह चार गड्यांस ते अवघड नाही. दोरांच्या आतल्या टोकांस दगडांचे प्रतिभार टांगले, तर दोन गडीही पुरतील.

हे तत्त्व खानदेशातील शेतकऱ्यास परके नव्हते. मोटेचे बैल धावेवरून खाली उतरत असता त्यांच्या जोराला त्यांच्या अंगाच्या वजनाची साथ मिळते आणि नाड्याच्या दुसऱ्या टोकाची भरलेली मोट वर येते. विहिरीवर जे चाक, जो नाडा, जो उतार, तोच हिशेब द्वारावर चाले. कोट बांधणाऱ्यास हा पूल करण्याकरिता दूरदेशीचे कारागीर आणण्याची आवश्यकता नव्हती; गावचा सुतार, गावचा लोहार आणि दोर वळणारा मिळून हे काम करू शकत.

(५)

काढता पूल हा बेटाला भूमीशी जोडण्याच्या अनेक उपायांपैकी एक होय. दुसरे उपाय पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप अधिक उठून दिसते.

अजिंठ्याच्या रांगेपलीकडील दौलताबादेस डोंगराचा कडा तासून त्याच्या पायाशी खडकात खंदक कोरला आहे. बालेकिल्ल्यात जाण्यास त्यावरून एकच अरुंद पूल, दोन माणसांपेक्षा अधिक जोडीने जाऊ शकणार नाहीत असा. या जुन्या दगडी पुलाचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खोल ठेवलेला आहे, पायऱ्यांनी उतरावे आणि चढावे असा. खंदकातील पाणी बंधाऱ्यांनी अडवून वाढविले की हा भाग बुडून जाई. येथे पूल हलत नाही, पाणी हलते; परिणाम एकच.

जंजिऱ्यास पूलच नाही. सिद्दीने समुद्रालाच खंदक केले आणि होडीलाच संक्रम. या बेटाला भूमीशी जोडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला, तो बाहेरून : १६८२ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराजांनी समुद्रात दगडांचा भराव घालून वाट करावयास आरंभ केला. मोगली फौज कल्याणकडे उतरल्यामुळे ते काम सोडावे लागले. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मराठ्यांच्या इतिहासात आम्हांस आढळले नाही. आतल्याचा संक्रम नाकारला गेला की बाहेरच्यास सेतु बांधावा लागतो.

मुंबई हे तर खरोखरीच बेटावरचे नगर. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि व्यापारी यांस धडकी भरली. कोटाभोवती खंदक खणण्याकरिता तेथील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. मग दरवाजांपुढे काढते पूल आले. १८६० नंतरच्या दशकात हा तट पाडला आणि खंदक बुजविले. चर्चगेट हे नाव आज लक्षावधी लोक रोज उच्चारतात. पण ज्या दरवाजावरून ते पडले तो दरवाजा आणि त्यापुढचा पूल यांची आठवण फार थोड्यांस आहे.

अहमदनगरच्या भुईकोटाचा खंदक या सर्वांत नावाजलेला; सुमारे शंभर फूट रुंद आणि त्यावर काढता पूल. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने ८ तारखेस शहराची पेठ घेतली, तोफा लावल्या आणि १२ तारखेस किल्ला त्याच्या हाती आला. खंदक पोहून किंवा बुजवून कोणी आत गेले नाही. किल्लेदाराने बोलणे लावून किल्ला खाली केला.

(६)

अहमदनगरच्या या हकीकतीवरून आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. काढत्या पुलाची परीक्षा शत्रूच्या तोफेने क्वचितच होई. ती होई आतल्या माणसांच्या निश्चयाने आणि शब्दाने. खानदेशात याचे भीषण उदाहरण थाळनेरचे आहे. १८१८ च्या जानेवारीतील मंदसोरच्या तहाने होळकरांनी तो किल्ला इंग्रजांस दिला होता. २७ फेब्रुवारी रोजी सर टॉमस हिस्लॉप तेथे आला. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला; इंग्रज अधिकारी एकामागून एक दरवाजे ओलांडीत शेवटच्या दिंडीपर्यंत गेले आणि तेथे आतील शिबंदीशी बोलणे फिसकटले. आत शिरलेले दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदारास फाशी दिले. दरवाजे उघडे होते, शब्द मात्र उघडा झाला नव्हता.

पारोळ्याच्या कोटाचेही असेच. तो वेढा देऊन कोणी जिंकला नाही. १८२१ साली खानदेशचा पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याच्यावर पारोळे येथे प्राणघातक हल्ल्याचा प्रयत्न झाला आणि त्यास कोटाच्या मालकांपैकी लालभाऊ यांची चिथावणी होती असे ठरवून सरकारने गाव व कोट जप्त केल्याचे गॅझेटियरात नमूद आहे. मालकांचा संबंध झांशीच्या नेवाळकर घराण्याशी होता. याच घराण्याच्या पारोळे शाखेतील आनंदराव या मुलास १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेऊन दामोदरराव हे नाव ठेवले. तोच राणी लक्ष्मीबाईंचा पुत्र. आणि पारोळेवाले म्हणून ओळखले जाणारे सदाशिवराव यांनी १८५७ च्या जूनमध्ये करेऱ्याची गढी घेऊन स्वतःस झांशीचा राजा म्हणविले, ती हकीकतही प्रसिद्ध आहे. उठावानंतर पारोळ्याच्या मालकांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि कोट मोडण्यात आला. म्हणजे पुलाच्या फळ्या शेवटपर्यंत बाहेरच्या कोणाच्या बळाने पडल्या नाहीत. कोट पडला तो चौकशीच्या कागदांनी आणि जप्तीच्या हुकमांनी. आणि अशा शत्रूपुढे पूल उचलून काही उपयोग होत नाही.

आता पुलाचे पुढे काय होते, ते पाहू. येथे कौटिल्याने दिलेली दुसरी सवलत आठवावी : पाणी नसेल तेथे मातीचा पूल चालेल. शांतता झाली की खंदकाची निगा सुटते, पाणी आटते. मग उंबऱ्यापुढच्या दहा-बारा फुटांच्या अंतरावर रोज फळी टाकण्याचा खटाटोप कोण करणार? त्या पोकळीत दगडमाती भरली जाते, कोठे कमान घातली जाते, वरून फरसबंदी होते. गाड्या आत जाऊ लागतात. एका पिढीनंतर लोकांस वाटते की येथे वाट होतीच. काढता पूल मोडून पडत नाही. तो कायमचा होऊन नाहीसा होतो. संक्रमाचा सेतु होणे हाच त्याचा मृत्यु. पारोळ्यास आज कोटाच्या दरवाजाशी चालत जावे आणि आपण एका बेटावर पाऊल टाकीत आहो याची जाणीवही होऊ नये, याचे कारण हेच.

(७)

परंतु अशा मृत्यूची खूण मागे राहते आणि ती ओळखता येते. कोणताही भुईकोट पाहताना शोधकाने दरवाजासमोरच्या वाटेचे बांधकाम बाजूने, खंदकात उतरून, पाहावे. मूळ भराव आणि मागाहून भरलेला तुकडा यांत सांधा असतो. दगडांचे थर जुळत नाहीत, चुन्याची जात बदलते. उंबऱ्याच्या दोन्ही अंगांस आस बसविण्याच्या खोबणी, दरवाजाच्या माथ्यावर साखळ्यांची छिद्रे व त्यांच्या कडेला घासून पडलेल्या रेघा, आणि उभा केलेला पूल भिंतीत बसावा म्हणून दर्शनी भागात ठेवलेला उथळ खण, या चार खुणा होत. चारही एका जागी मिळतील असे नाही. दोन मिळाल्या तरी पूल कोणत्या प्रकारचा होता ते सांगता येते. डागडुजीचे सिमेंट प्रथम नेमके याच जागी बसते. म्हणून दुरुस्ती होण्यापूर्वी मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. एकदा सांधा लिंपला गेला की दगडाची साक्ष संपते.

दुसरी साक्ष कागदांची, आणि तीविषयी आम्हांस आपल्याच मंडळीस दोन शब्द सांगावयाचे आहेत. जुन्या घरातील दफ्तर उघडले की आपली नजर प्रथम शिक्क्याकडे जाते. सनदा, वतनपत्रे, महजर, वंशावळी बाजूस काढतो आणि जमाखर्चाची बाडे तशीच ठेवतो. वस्तुतः पूल सनदेत सापडावयाचा नाही. तो सापडेल तो खर्चाच्या यादीत : सागवानी तुळया इतक्या, लोखंड इतके शेर, साखळीबद्दल लोहारास, दोराबद्दल अंबाडी, आसास घालण्यास तेल, दरवाजावरील गड्यांस शिधा. दरसाल पावसाळ्यापूर्वी दोर बदलल्याची एक ओळ सापडली, तर उचलता पूल चालू होता हे सिद्ध होते. आणि ज्या वर्षापासून ती ओळ बंद होऊन बेलदारास भरावाबद्दल दिलेली रक्कम दिसू लागते, त्या वर्षी संक्रमाचा सेतु झाला असे समजावे. कोणत्याही बखरीत न लिहिलेली तारीख अशा दोन ओळींनी निश्चित होते.

काही वर्षांपूर्वी एका गावी आम्ही एका जुन्या वाड्यात गेलो होतो. घरमालकांनी मोठ्या आदराने एक सनद दाखविली. चौकटीत बसविलेली, वर काच. उरलेल्या कागदांची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, तो सगळा नुसता हिशेब होता. वाणीदादाकडे दिला पुड्यांना." सनदेची नक्कल आमच्याजवळ आधीपासूनच होती. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो, पण घरमालकांस दोष देण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. सनदेची चौकट त्यांनी केली होती ती आमच्यासारख्यांच्या सांगण्यावरून. हिशेबही राखा, असे त्यांस आमच्यापैकी कोणी कधी सांगितले नव्हते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या ३१ डिसेंबर रोजी धुळ्यास देह ठेवला आणि त्यांच्या दफ्तराच्या रक्षणाकरिता १९२७ साली त्याच शहरात त्यांच्या नावाचे मंडळ उभे राहिले. १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढल्यापासून त्यांनी आपणांस शिकविलेली गोष्ट एकच होती : कागद क्षुल्लक नसतो, पाहणारा घाईत असतो. पारोळे, अमळनेर, बहादरपूर, थाळनेर, सोनगीर या गावांतील ज्या घरांत कोटाच्या चाकरीचे, सुतारकीचे, लोहारकीचे अथवा शिबंदीच्या हिशेबाचे मोडी कागद असतील, त्यांनी ते कितीही फाटके असले तरी टाकू नयेत. जवळच्या संशोधन मंडळास दाखवावेत, निदान नक्कल करू द्यावी, एवढीच आमची विनंती आहे. संग्राहकांनीही आपल्या यादीत सनदांच्या रकान्याशेजारी हिशेबांचा एक रकाना घालावा.

त्या मागच्या बाकावरील मुलाला आज भेटलो, तर आमच्या जुन्या उत्तरात आम्ही एवढी भर घालू : सेतु मोठा असतो म्हणून तो काव्यात राहतो, संक्रम लहान असतो, तो हिशेबात राहतो. पहिल्याची काळजी कवींनी घेतली आहे. दुसऱ्याची आपण घ्यावयाची आहे.